ट्रॅक्टरच्या एंजिनास तेल कोणतें घालावें?

डिझेल ट्रॅक्टरचें वंगण घेतांना डब्यावरील दोन खुणा पाहाव्या. ‘१५डब्ल्यू-४०’ ही दाटपणाची खूण होय. १५ हा आंकडा थंडींतील प्रवाहीपणा, तर ४० हा १०० अंश सेल्सिअस उष्णतेंतील दाटपणा दर्शवितो. ‘सीआय-४’ सारखी ‘सी’ अक्षरी खूण डिझेल एंजिनास योग्य अशा गुणवत्तेची असते. पुस्तिकेंत नेमलेल्या दोन्ही खुणा जुळल्या तरच तेल घ्यावें.

जितकें दाट तितकें चांगलें, हा समज घातक आहे. अति दाट तेल सकाळीं बेअरिंगांपर्यंत उशिरां पोंचतें व झीज वाढते. अति पातळ तेलाचा थर उन्हाळी नांगरटीच्या भारांत टिकत नाहीं.

तेल काळें झाल्यास भिऊं नये. काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच होय. बदलण्याची वेळ मात्र यंत्र चाललेल्या तासांवरून ठरवावी. तेलांतील काटकसर पुढें एंजिन उघडण्याच्या खर्चानें फेडावी लागते.