पत्ता बदलला तरी माणूस तोच!

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी सांभाळून घ्या. पण हा किस्सा मराठीतच सांगायचा होता.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने जुन्या प्रश्नपत्रिका आणि सिनियर्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट साठवायला एक रिपॉझिटरी बनवली. डेटाबेसमध्ये प्रत्येक फाइलचा पूर्ण पाथ लिहिला. सबमिशनच्या आदल्या रात्री मी मुख्य फोल्डरचं नाव बदललं आणि झालं! एकही फाइल उघडेना. पहाटे चारपर्यंत पाथ दुरुस्त करत बसलो.

चुकलं कुठे? आपलं हॉस्टेलच बघा. रूम दरवर्षी बदलते, पीआरएन बदलत नाही. रूम म्हणजे पाथ, पीआरएन म्हणजे ओळख. आम्ही रूम नंबरलाच ओळख समजलो! युनिक्समध्ये फाइलची ओळख म्हणजे आयनोड नंबर. डिरेक्टरी ही फक्त नाव आणि आयनोड यांची यादी. त्याच फाइल सिस्टिममध्ये नाव बदला, फोल्डर बदला, आयनोड तोच राहतो. एका फाइलला दोन नावंही देता येतात, ती हार्ड लिंक. शेवटचं नाव काढलं आणि कुठलाही प्रोग्रॅम ती वापरत नसेल, तरच फाइल जाते.

आता घरचं उदाहरण. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. प्रबंधांची ओळख विद्यापीठाच्या नावावर बेतली असती, तर नामांतरानंतर जुने संदर्भ तुटले असते. पण देशभरातले पीएचडी प्रबंध ठेवणारी इन्फ्लिबनेटची 'शोधगंगा' डीस्पेस या सॉफ्टवेअरवर उभी आहे. तिथे कम्युनिटी, कलेक्शन, आयटम अशी फोल्डरसारखी उतरंड दिसते, पण प्रत्येक आयटमला स्वतःचा कायमचा हँडल असतो. शोधगंगेचे हँडल १०६०३ ने सुरू होतात. त्यात विद्यापीठाचं नाव येतच नाही.

आम्हीही आता तसंच केलंय. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी : स्वतःचा आयडी, वरच्या फोल्डरचा आयडी आणि नाव. नाव बदललं की एकच ओळ बदलते. तोटा एवढाच, की पाथवरून फाइल शोधताना एकेक फोल्डर उतरत जावं लागतं. थोडा वेळ जातो, पण चालतं. वापरणाऱ्याला मात्र नेहमीचेच फोल्डर दिसतात.

पुढच्या वर्षी आम्ही इथे नसू. ज्युनियर्स फोल्डरची नावं बदलणारच. खुशाल बदला! आमचे रिपोर्ट सापडतील.