दिल्लीत राहून नदी गाठायची तर

दिल्ली हे खळाळत्या पाण्याचे शहर नाही. यमुना शहरातून वाहते खरी, पण हथनीकुंड बंधाऱ्याशीच पावसाळा सोडून एरवीचे तिचे बहुतेक पाणी कालव्यांत वळवले जाते. वजीराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात जे उरते, त्यात वल्हे घालण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. कयाक किंवा राफ्टिंगचा नाद असलेल्यांची नदी म्हणजे ऋषिकेशच्या वरची गंगा. दिल्लीपासून ती साधारण २४० किलोमीटर. घर आणि नोकरी ठरवताना हा आकडा पाहून हुरळून जाणारे पुष्कळ भेटतात. हे अंतर किलोमीटरवर ठरत नाही, शुक्रवार संध्याकाळच्या रहदारीवर ठरते.

कोलाडला हात तयार झालेल्या मराठी माणसाची इथे विशेष फसगत होते. तिथल्या कुंडलिका नदीचे पाणी वेळेवर येते. मुळशीचे धरण घाटमाथ्यावर. त्याचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरते आणि त्या विसर्गावर राफ्ट सुटतात. पहाटे मुंबई किंवा पुणे सोडावे, रात्री घरी जेवावे. दिल्लीहून असा एका दिवसाचा बेत आखणारा जेमतेम दोन-तीन तास पाण्यात असतो, बाकीचा दिवस गाडीत जातो. किमान एक मुक्काम धरूनच चालावे.

त्यामुळे घराचा पहिला निकष म्हणजे यमुनेचा कोणता काठ. ऋषिकेशचा रस्ता मेरठ, मुझफ्फरनगर, रुडकी, हरिद्वार असा ईशान्येला जातो आणि गुरुग्राम आहे नैर्ऋत्येला. सायबर सिटीतून संध्याकाळी सहाला निघालेल्याला आधी अख्खी दिल्ली ओलांडायची असते. यमुनेचा पूल पार होईपर्यंतच दीड-दोन तास खर्ची पडतात. मयूर विहार, पटपडगंज, वैशाली, इंदिरापुरम किंवा नोएडा सेक्टर ६२ इथल्या माणसाला २०२१ मध्ये पूर्ण झालेला दिल्ली-मेरठ एक्सप्रेसवे जवळजवळ दारातच मिळतो. मात्र नदीसाठी घर पूर्वेला आणि पगारासाठी कचेरी गुरुग्रामला, हा सौदा टिकत नाही. आठवड्याचे पाच दिवस रस्त्यात घालवलेला माणूस शुक्रवारी पुन्हा स्टिअरिंग धरायला राजी नसतो. दोन्ही पूर्वेला जमत नसेल, तर गुरुग्राममध्येच राहून महिन्यातून एखादी फेरी करावी; ती निदान होते तरी.

नोकरीच्या बाबतीत रजा किती, हे सगळे विचारतात. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी, हे कोणी विचारत नाही. खरे तर तोच प्रश्न मोलाचा. मे-जूनमध्ये चारधामचे यात्रेकरू आणि उन्हाला वैतागलेले दिल्लीकर एकाच रस्त्यावर येतात, आणि शनिवारी मुनी की रेती ते तपोवन एवढ्या टप्प्यात गाडी तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी सरकते. मंगळवार-बुधवारची सुटी देणारे रुग्णालय, वृत्तपत्र किंवा हॉटेल या छंदाला पाच दिवसांच्या आठवड्यापेक्षा मानवते. राफ्टिंगचा हंगाम साधारण सप्टेंबरअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये नदी बंद, आणि त्याच सुमारास कांवडयात्रेमुळे रस्ताही अडतो. हा योग म्हणायचा तर चांगलाच, दोन अडचणी एकाच खात्यात जमा होतात. त्या दिवसांत लडाखची झंस्कार वाहती असते आणि लेहचे विमान दिल्लीहून मिळते. पण वर्षातल्या त्या एका आठवड्यासाठी विमानतळाजवळ द्वारकेत घर घेणे म्हणजे अतिच झाले.

कयाक कुठे ठेवायची, हा प्रश्न घर पाहताना कोणाच्या ध्यानात येत नाही. अडीच मीटरच्या आसपास लांबीची प्लास्टिकची होडी कित्येक लिफ्टमध्ये मावत नाही आणि मेट्रोत नेता येत नाही. जूनच्या उन्हात ती गाडीच्या टपावर करकचून बांधून ठेवली तर बुडाला पोक येतो, मग ती सरळ रेषेत जाईनाशी होते. शिवपुरी-तपोवनच्या बाजूला ओळखीच्या माणसाच्या शेडमध्ये ती ठेवून द्यावी आणि दिल्लीत फक्त हेल्मेट, लाइफ जॅकेट व वल्हे बाळगावे. उलटलेली कयाक सरळ करण्याचा सराव जलतरण तलावात होतो. सोहन्याजवळच्या दमदमा तलावात पाणी असेल तेव्हा हातही फिरता ठेवता येतो. पण संथ पाण्यावर दंड कमावले तरी प्रवाह वाचायला येत नाही. गंगेवरच्या कौडियाला ते मरीन ड्राइव्ह या टप्प्यातल्या ‘द वॉल’पुढे किंवा शिवपुरीखालच्या ‘गोल्फ कोर्स’ या खळाळापुढे ते लगेच कळून येते. शिवाय देवप्रयागला मिळणाऱ्या भागीरथीवर टिहरी आणि कोटेश्वर ही धरणे आहेत, अलकनंदेवरही वीजप्रकल्प आहेत. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सुटते. सकाळी काठावर उतरल्यावर वाळूतली ओली रेघ पाहावी. ती पाण्यापासून हातभर वर असेल तर पातळी रात्रीतून उतरली आहे, आणि काल झाकलेले खडक आज उघडे आहेत.

दिल्लीची नोकरी सोडून ऋषिकेशला गाइड व्हावे, असे प्रत्येक हंगामात कोणाला तरी वाटते. पोट त्यावरच असेल तर थोडा इतिहास माहीत असावा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या काठच्या वाळूवरील छावण्या बंद केल्या. २०१८ च्या जूनमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत राफ्टिंगच थांबवले, तेही हंगाम ऐन भरात असताना. दर पावसाळ्यातली बिनकमाईची सुटी वेगळीच.

महिन्यातून दोनदा नदी पुरेशी असणाऱ्याने पूर्व दिल्ली किंवा नोएडा पाहावे. त्याहून अधिक ओढ असेल तर पगारात थोडी तडजोड करून डेहराडूनला काम शोधणे बरे. सरकारी कचेऱ्या, वनसंशोधन संस्था, ओएनजीसी, शाळा-महाविद्यालये तिथे आहेत. ऋषिकेश सुमारे ४५ किलोमीटरवर राहते आणि एप्रिल ते जूनमध्ये मोरीजवळची अवघड टोन्स नदीही शनिवार-रविवारच्या आवाक्यात येते.