बटाट्याचे भरीत

पवनेच्या काठचे थेरगाव आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वस्तीत सामावले आहे. श्रमून घरी आलेल्या माणसाला भाकरीबरोबर काही चवदार तोंडीलावणे हवे असते. बटाट्याचे भरीत ही गरज थोड्या खर्चात भागवते.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. पोर्तुगीजांनी तो भारतात आणला. त्याचे मराठी नावही त्यांच्याच भाषेतून आले. आता थेरगावच्या उत्तरेस चाकणच्या बाजारात कांद्याबरोबर बटाट्याचाही मोठा व्यापार चालतो.

भरितासाठी अर्धा किलो सारख्या आकाराचे बटाटे सालीसकट थंड पाण्यात घालून उकडावेत, म्हणजे ते आतबाहेर सारखे शिजतात. सोलून गरम असतानाच ते कुस्करावेत. फार घोटल्यास त्यांतील पिष्ट मोकळे होऊन भरीत चिकट होते. दह्यादुधावाचूनही हे भरीत पोटभरीचे होते. त्यात अर्धी वाटी दाण्याचे कूट, मीठ, कोथिंबीर व लिंबाचा रस मिसळावा आणि मोहरी, हिंग व हिरवी मिरची यांची तेलातील फोडणी द्यावी. बटाट्यात प्रथिने थोडी असतात. ती उणीव शेंगदाणे बरीचशी भरून काढतात.

बटाटे निवडताना मात्र दक्षता हवी. उजेडात राहून हिरव्या पडलेल्या बटाट्यात आणि त्याच्या कोंबांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. ते उकडल्यानेही नाहीसे होत नाही. त्याने पोटदुखी व ओकाऱ्या होतात. म्हणून बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. चार पैशांसाठी हिरवा बटाटा ताटात वाढणे ही काटकसर नव्हे.