विजेवरचा इम्पॅक्ट रेंच : उघडायला यंत्र, कसायला हात

राहात्यातून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीच्या यात्रेकरूंच्या मोटारी, पेरूचे टेम्पो आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या अशी सर्व तऱ्हेची वाहने धावतात. टायर आणि गॅरेजच्या कामावर घर चालवणारे आपले अनेक कारागीर बंधू अशाच रस्त्यांवर बसलेले आहेत. त्यांच्याकडे आता हवेच्या गनबरोबर विजेवर चालणारा इम्पॅक्ट रेंचही दिसू लागला आहे. काही व्यापाऱ्यांनी तो घरी आणला आहे. कापडाच्या व्यापाऱ्याने नट-बोल्टवर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण आमचे गठ्ठे बाजारोबाजार टेम्पोतूनच जातात आणि टेम्पो चार चाकांवर चालतो. म्हणून या यंत्राची माहिती मालकाला आणि मिस्त्रीला, दोघांनाही हवी.

प्रथम हे यंत्र ड्रिल मशीनपेक्षा वेगळे कसे, ते पाहू. ड्रिल एकसारखे फिरत राहते. नट अडला की त्याचा झटका आपल्या मनगटाला बसतो. इम्पॅक्ट रेंचमध्ये मोटरच्या पुढे एक जड पोलादी हातोडा असतो आणि त्याच्या मागे दणकट स्प्रिंग. नट सैल असेल तोपर्यंत सर्व भाग एकत्र फिरतात. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबून मागे सरकतो, अडथळा ओलांडतो आणि पुढे येऊन पुढच्या दांड्याच्या कानावर जोरात आदळतो. हे मिनिटाला दोन-तीन हजार वेळा घडते. अडकलेले दार रेटत बसण्याऐवजी त्याला लागोपाठ धक्के द्यावेत, तसे. गंजलेला नट या धक्क्यांनी सुटतो आणि धरणाऱ्याच्या हाताला त्या मानाने फार थोडा ओढा लागतो.

आता ताकदीचा हिशेब. नट पिळण्याची ताकद न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. साठ किलो वजनाचा माणूस एक फुटी पान्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे १७५ न्यूटन-मीटर ताकद लागते. लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला हवी असते साधारण ८५ ते ११०. अर्धा इंची चौकोनाचे विजेचे यंत्र सहज २५० ते ४०० पर्यंत जाते. म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर हे यंत्र लहान मोटारीचा नट गरजेच्या तिप्पट जोराने कसू शकते, आणि चालवणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही, कारण हाताला ओढा लागतच नाही.

सारा घोळ इथेच आहे. फार कसलेल्या नटाने स्टड ताणला जातो, आटे मरतात, चाकाची डिस्क वाकडी बसते. ताणलेला स्टड त्या दिवशी तुटत नाही, महिन्याने भरल्या गाडीखाली तुटतो. शिवाय आणखी एक गोष्ट, जी आम्हा माल नेणाऱ्यांच्या थेट जिवावर येते. हे यंत्र वायरवर चालते. रात्री घाटात टायर बसला तर तिथे प्लग कुठून आणणार? गाडीत असतो तो हाताचा व्हील पाना. यंत्राने कसलेला नट त्या पान्याने हलत नाही. मग पान्यावर पाईप चढवायचा, त्यावर क्लीनरने उड्या मारायच्या, आणि शेवटी नट सुटण्याऐवजी त्याचे कोपरे गोल करायचे. ही पाळी अनेक चालकांवर आलेली आहे.

म्हणून तजुर्बेकार मिस्त्रीची पद्धत अशी असते. उघडताना यंत्र वापरावे. बसवताना नट प्रथम बोटांनी तीन-चार आटे फिरवून घ्यावा. तो वाकडा चढला असेल तर बोटांनाच कळते, यंत्राला कळत नाही. मग यंत्राने क्षणभरच फिरवून नट टेकवावा आणि हातोड्याचा पहिला आवाज येताच थांबावे. गाडी जॅकवरून उतरवल्यावर शेवटचा कस टॉर्क पान्याने द्यावा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. नट शेजारशेजारचे कसू नयेत, समोरासमोरचे कसावेत. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, पण कंपनीने सांगितल्याशिवाय त्यांना ग्रीस लावू नये. ग्रीसमुळे तेवढ्याच कसात स्टडवर जास्त ताण येतो. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासावेत. टॉर्क पाना महाग वाटतो हे खरे. पण आम्ही कापड कितीही वर्षे विकले तरी हाताच्या अंदाजाने फाडत नाही, मीटरपट्टी लावतोच.

जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. अशी गाडी आली तर यंत्र लावण्यापूर्वी स्टडच्या टोकाकडे नीट पाहावे, नाहीतर उघडतो आहोत असे समजून आपण कसतच राहू.

गोट्यांबाबत अजिबात काटकसर नको. हाताच्या पान्याच्या चकचकीत गोट्या या धक्क्यांनी तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. इम्पॅक्टसाठी काळ्या, जाड भिंतीच्या गोट्या वेगळ्या मिळतात. सहा कोनी घ्याव्यात. डोळ्यांवर चष्मा हवा. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, तेव्हा दिवसभर काम करणाऱ्या पोरांच्या कानात बोळे द्यावेत. उस्तादाने स्वतः घातले की शागीर्द आपोआप घालतात.

विजेकडेही पाहायला हवे. यंत्राच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन छापलेला असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची वायर लागत नाही. जुन्या लोखंडी अंगाच्या यंत्राला मात्र तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवेच. ओल्या फरशीवर, गाड्या धुण्याच्या जागेजवळ, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवल्याशिवाय काम करू नये. बारीक वायरचे एक्स्टेंशन बोर्ड ही आपल्याकडची जुनी खोड. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर तीस मीटर ओढली तर चार अँपिअरला नऊ-दहा व्होल्ट वायरमध्येच जातात, सुरू होताना त्याहून जास्त. संध्याकाळी आधीच २३० च्या जागी १९० व्होल्ट येत असतील तर धक्के कमजोर पडतात, काम लांबते आणि मोटर तापते. दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, लांब अंतराला अडीचची. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडावी.

घरी याचा उपयोग मर्यादितच आहे. पत्र्याच्या शेडचे गंजलेले बोल्ट, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, फाटकाचे बिजागर, मोटरपंपाची जोडणी सोडवणे, एवढी कामे झटपट होतात. बिडाच्या वस्तूला मात्र हे यंत्र लावू नये, कारण बीड धक्का सोसत नाही, तडकते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्या बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मागाच्या बिडाच्या चौकटीवर हाताचा पानाच बरा. नट पाच-दहा सेकंदांत हलला नाही तर यंत्र चालू ठेवू नये. गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे.

घ्यावे की नाही? मोटारी आणि लहान टेम्पोला अर्धा इंची चौकोन पुरतो, ट्रॅक्टर आणि ट्रकला पाऊण इंची किंवा त्याहून मोठे लागते. ज्याच्याकडे मोठा कॉम्प्रेसर आधीच आहे त्याने हवेची गनच ठेवावी; ती हलकी असते आणि तापत नाही. रस्त्यावर जाऊन काम करणाऱ्याला बॅटरीचे यंत्र सोयीचे, पण काही वर्षांनी नव्या बॅटरीचा खर्च येतो. एका जागी बसून काम करणाऱ्याला, ज्याचा कॉम्प्रेसर फक्त हवा भरण्यापुरता आहे, त्याला वायरचे यंत्र परवडते. घरासाठी चार शेजाऱ्यांत एक पुष्कळ झाले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा नट उघडण्याच्या कमाल ताकदीचा असतो, म्हणून पुस्तिकेतला आकडा वाचून घ्यावा. बिल घ्यावे, आणि त्याच दिवशी त्याच मॉडेलच्या कार्बनची एक जोडी जास्तीची घेऊन ठेवावी. मोटरजवळ ठिणग्या वाढल्या की समजावे, कार्बन झिजले. मग प्लग काढूनच झाकण उघडावे आणि दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत.