‘तें’ आणि ‘ती’

पेडणे-डिचोलीत आपण घरी कोकणी बोलतो आणि लिहायला पुष्कळदा मराठीत शिकतो. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. घर आणि कागद यांची ही वाटणी मात्र त्याहून जुनी आहे.

एका विद्यार्थिनीने धाकट्या बहिणीविषयी लिहिले, ‘ते शाळेतून आले.’ मराठी वाचकाला हे कुणी वडीलधारे गृहस्थ वाटतील, म्हणून मी लाल शाईने ‘ती आली’ केले. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंग लावतात: ‘तें आयलें’. त्यात धाकटेपण असते, माया असते. वाक्य शुद्ध झाले. बहीण थोडी परकी झाली.

मीही घरी ‘हांव’ आणि कागदावर ‘मी’. प्रबंध ‘मी’ने लिहिला, आईशी बोलणारा ‘हांव’ त्यात कुठेच नाही. म्हणून आता खोडण्याआधी विचारतो, हे रूप चुकून आले की घरून आले? घरून आले असेल तर त्याला मराठीत जागा शोधतो. ‘लेकरू’ मराठीतही नपुंसकलिंगीच आहे. ‘आमचे लेकरू शाळेतून आले’ यात व्याकरणही राहते, बहीणही.