माईंची ममता



गेल्या महिन्यात एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडले. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत 'निर्मम' हा शब्द येतो. ज्याच्या ठिकाणी 'मम', म्हणजे 'माझे' ही भावना उरली नाही, तो निर्मम. पण आम्ही इंदूरला राहतो आणि इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत हाच शब्द रोज वेगळ्या अर्थाने वाचायला मिळतो. कुणाला निर्दयपणे मारले की ती 'निर्मम हत्या'. गीतेत तर निर्ममच्या शेजारीच 'करुण' हा शब्द बसलेला आहे. ज्याला कुणी 'माझे' नाही, तो करुणेने भरलेला कसा असेल? हे समजायला मला एखादे चालते-बोलते उदाहरण हवे होते. ते सिंधुताई सपकाळ यांच्या जीवनात सापडले. त्यांच्या पोटच्या मुलीचे नाव ममता, हा योगायोगच म्हणायचा.

सिंधुताईंना महाराष्ट्रात सगळे 'माई' म्हणत. आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात, त्यांनी त्यांना २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'मध्ये पाहिले असेल, किंवा अनंत महादेवन यांचा २०१० सालचा 'मी सिंधुताई सपकाळ' हा चित्रपट पाहिला असेल. म्हणून त्यांची सगळी कहाणी इथे सांगत नाही. आजच्या अभ्यासाला लागेल तेवढीच सांगते.

वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघे गावी, ज्या १४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो त्याच तारखेला, गुरे राखणाऱ्या अभिमान साठे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. नको असलेली मुलगी म्हणून घरात नाव पडले 'चिंधी'. वडिलांना मात्र तिने शिकावे असे वाटे. आईच्या नकळत, गुरे चारायला पाठवण्याच्या निमित्ताने ते तिला शाळेत धाडत. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झाली. लहान वयातच लग्न झाले. सासरी वाचायची बंदी होती, म्हणून वाण्याच्या पुड्यांचे छापील कागद उंदराच्या बिळात दडवून ठेवायचे आणि एकांत मिळाला की वाचायचे, असे माई सांगत. पुढे व्यासपीठावर बहिणाबाई त्यांच्या तोंडी सहज येत. ती ओढ या कागदांच्या काळापासूनची.

विसाव्या वर्षापर्यंत तीन मुलगे झाले. चौथ्या वेळी पोटात मूल असताना गावातल्या बायका रानातले शेण गोळा करतात त्याची मजुरी मिळावी, म्हणून त्यांनी आवाज उठवला. गावातला दांडगा माणूस दुखावला. पोटातले मूल माझे आहे, अशी आवई त्याने उठवली. नवऱ्याने मारून गोठ्यात टाकले. त्या गोठ्यात गाईंच्या पायांशी मुलगी जन्मली आणि माईंनी दगडाने ठेचून तिची नाळ तोडली. तान्ही लेक घेऊन त्या माहेरी गेल्या, तर आईनेही दार लावून घेतले.

पुढचे दिवस रेल्वेचे. गाडीत गाणी म्हणायची, भीक मागायची, फलाटावर झोपायचे. रात्री तरण्या बाईला फलाटही सुरक्षित नव्हता, म्हणून त्या स्मशानात जात. कुणाच्या तरी अंत्यविधीत ठेवलेल्या पिठाची भाकरी त्यांनी चितेच्या निखाऱ्यावर भाजून खाल्ली. हा प्रसंग त्या जवळजवळ प्रत्येक भाषणात सांगत. आता नेमके इथे लक्ष द्यावे. फलाटावर त्यांच्यासारखीच भुकेली, सोडून दिलेली पोरे होती. स्वतःला पुरेसे मिळत नसताना माईंनी मिळालेली भीक त्यांच्यासोबत वाटून खायला सुरुवात केली. संस्था, इमारत, ठराव असे काही नव्हते. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला दीपक हा त्यांचा पहिला मुलगा. नंतर चिखलदऱ्याला व्याघ्र प्रकल्पामुळे उठवल्या जाणाऱ्या आदिवासींसाठी त्या झगडल्या, तिथेही मुले त्यांच्याभोवती जमली.

मग तो निर्णय आला, ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. माईंनी स्वतःची मुलगी ममता हिला पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे वाढवायला दिले. कारण त्या नेहमी सांगत: ती जवळ असती तर भूक लागल्यावर आधी तिच्या तोंडात घास गेला असता आणि दुसऱ्यांच्या लेकरांना मी पाणी पाजून झोपवले असते. हे शब्द माझे आहेत, आशय त्यांचा आहे.

आमच्या बुधवारच्या मंडळात मी हे सांगितले, तेव्हा एक काकू चटकन म्हणाल्या, "हे काही मला पटत नाही बाई. त्या पोरीचा काय दोष?" सगळे गप्प झाले. मलाही उत्तर सुचले नाही आणि खरे सांगायचे तर पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे नाही. ज्या लेकीला घेऊन आईने स्मशानात रात्री काढल्या, तिलाच आईपासून दूर वाढावे लागले. याची किंमत त्या दोघींनीच मोजली. थोरांच्या चरित्रात अशा जागा आल्या की आपण 'केवढा त्याग!' म्हणून पुढे जातो. काकू गेल्या नाहीत, हे मला बरे वाटले.

पण त्याच आठवड्यात एक लहानशी गोष्ट घडली. रविवारच्या बालवर्गात मी खाऊ वाटते. माझा मावसभाऊ त्याच वर्गात येतो, सात वर्षांचा आहे. राजगिऱ्याचे लाडू होते, डब्यात काही फुटले होते. वाटून झाल्यावर एक छोटी मुलगी म्हणाली, "ताई, त्याला तुम्ही नेहमी अख्खा देता." मी नाही म्हणणार होते. मग आठवून पाहिले. खरेच, हात आपोआप अख्खा लाडू शोधत होता. मनात कुणाविषयी वाईट काही नव्हते, तरी हाताने हिशेब केलेला होता.

माझ्या डब्यात लाडू पुरेसे होते आणि मुले जेवून आलेली होती. माईंच्या झोळीत भाकरीचे तुकडे होते आणि मुलांच्या पोटात कालपासून काही नव्हते. त्या परिस्थितीत 'मी सगळ्यांना सारखेच मानते' असे म्हणणे सोपे, हाताला ते शिकवणे अवघड. माईंनी स्वतःच्या मनावर विश्वास ठेवला नाही, हे मला त्यांचे सगळ्यांत मोठे प्रामाणिकपण वाटते. मला भेदभाव शिवत नाही, असे म्हणायला त्या मोकळ्या होत्या. त्यांनी आईचे मन ओळखले आणि त्याला संधीच ठेवली नाही. ममतेला दूर ठेवले ते ममता नव्हती म्हणून नव्हे, ती फार होती म्हणून. निर्मम आणि करुण हे शब्द शेजारी का आहेत, ते मला इथे थोडेसे उमगले.

बाकीचे आपल्यासमोर आहे. पुण्याजवळ हडपसरला सन्मती बालनिकेतन, सासवडजवळ कुंभारवळणला ममता बाल सदन, चिखलदऱ्याला मुलींचे वसतिगृह, वर्ध्याला गोपिका गाईरक्षण केंद्र. गोठ्यातल्या त्या गाईचे ऋण माई विसरल्या नाहीत. हजाराहून अधिक मुलांच्या त्या आई झाल्या. कागदोपत्री आई नव्हे, हेही सांगायला हवे. आपल्याकडच्या १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात, घरात मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. हजार मुलांची आई कुठल्या रजिस्टरमध्ये बसणार? तरी अनेक मुलांनी आपल्या नावापुढे सपकाळ हेच आडनाव लावले. बालगृहांत साधारणपणे अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाला निरोप मिळतो. माई तसे करत नसत. अठराव्या वर्षी तर आईची खरी गरज लागते, असे त्यांचे म्हणणे. शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत घर उघडे असे. त्यांची मुले वकील, डॉक्टर झाली, काहींनी स्वतःच अनाथाश्रम काढले.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे जमाखर्चाकडे लक्ष जातेच. हा संसार मुख्यतः भाषणांवर चालला. गावोगाव जायचे, बोलायचे, मिळालेले मानधन आणि पदर पसरून मागितलेली मदत घेऊन परतायचे. भाषण झाले तर राशन, असे त्या हसत म्हणत. २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याआधीही कितीतरी पुरस्कार आले. त्यांची रक्कमही मुलांच्या घरांकडेच गेली.

नवऱ्याविषयी एवढेच. वृद्धपणी ते माईंकडे आले आणि त्यांनी क्षमा मागितली. माईंनी त्यांना ठेवून घेतले, पण पती म्हणून नव्हे. आता मी फक्त आई आहे, मूल म्हणून राहायचे तर राहा, असे सांगितले. आलेल्यांना त्या त्यांची ओळख 'माझे सगळ्यांत मोठे बाळ' अशी करून देत. क्षमा म्हणजे जुने नाते जसेच्या तसे परत देणे, असा आपला समज असतो. इथे दार उघडले, पण कुठले दार उघडायचे हे माईंनी ठरवले.

४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात माईंनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी ठोसर पागा इथे शासकीय इतमामात, महानुभाव पंथाच्या रीतीने त्यांना निरोप देण्यात आला. दूर वाढलेली ममता मोठेपणी आईच्या कामात आली आणि आज माईंच्या मुलांची ती ताई आहे.

माझ्या अनुवादात शेवटी मी 'निर्मम' हा शब्द तसाच ठेवला. पुढच्या बुधवारी काकूंचा प्रश्न आम्ही पुन्हा घेणार आहोत. आपल्या मंडळातही तो घ्यावा: त्या पोरीचा काय दोष? आणि घरी, वर्गात, सेवेच्या ठिकाणी काही वाटायची वेळ आली, तर त्या दिवशी आपला हात आधी कुणाकडे वळला, ते वहीत लिहून आणावे.