गळती कुठे, दुखणे कुठे?

आपल्या बसवकल्याणचे ऑटोनगर ट्रकच्या कामासाठी ओळखले जाते. आता स्वयंचलित गिअरच्या मोटारीही वाढल्या आहेत. अशा गिअरबॉक्सची फेरजुळणी करताना सील हा स्वस्त भाग. पण तेच चुकले तर सगळे पुन्हा खोलावे लागते.

बाहेरची गळती डोळ्यांना दिसते, पण फसवते. वाऱ्याने तेल मागे पसरते. म्हणून गिअरबॉक्स धुऊन कोरडा करावा, गाडी थोडी चालवावी आणि सर्वांत वरचा, पुढचा ओला भाग शोधावा. शाफ्टवर खाच पडली असेल, बुश झिजला असेल किंवा ब्रीदर तुंबला असेल, तर नवे सीलही गळेल.

आतली गळती जमिनीवर थेंब पाडत नाही. क्लच-पिस्टनचे सील फाटले की तेलाचा दाब घटतो, क्लच घसरतो आणि जळतो. यासाठी सील बसवताना त्याला तेल लावावे, त्याचा ओठ दाबाच्या बाजूला ठेवावा. गिअरबॉक्स बंद करण्यापूर्वी प्रत्येक क्लचला हवा देऊन पाहावी. पिस्टन ठक्‌कन हलला तर ठीक. नुसतीच फुसफुस ऐकू आली तर सील पुन्हा तपासावे.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत हिशेब सोपा आहे: तपासणीचा वेळ वाचवला, तर मजुरी दोनदा नावे पडते.